विमानतळाच्या रस्त्यावर होर्डिंग लावताय? या चुका टाळा

होर्डिंगचं डिझाइन पास होतं लॅपटॉपवर, हातभर अंतरावरून. तिथे सगळंच झकास दिसतं. म्हणून आधी एक काडेपेटी घ्या आणि हात लांब करून धरा. 12 मीटर रुंद, 6 मीटर उंच होर्डिंग 150 मीटरवरून साधारण तेवढंच दिसतं. डिझाइन त्या आकारात छापा. वाचता आलं नाही तर तिथेच थांबा.

ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी हे 150 मीटर सात सेकंदांच्या आत पार करते. त्यातही चालक होर्डिंगकडे बघणार ते ओझरतं. एक चित्र, एक नाव, सहा-सात शब्द, बस्स. पत्ता, तीन फोन नंबर, 'अटी लागू' काढून टाका. क्यूआर कोडही. (धावत्या गाडीतून तो स्कॅन करणारा मला अजून भेटायचाय!) दर 3 मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर सहज वाचता येतं, म्हणजे 150 मीटरसाठी सव्वा मीटर. देवनागरीत वेलांट्या-मात्रांना वेगळी जागा धरा.

सगळ्यात महागात पडते ती दिशेची चूक. विमानतळाकडे निघालेल्या माणसाला हॉटेलची जाहिरात दाखवून काय उपयोग? त्याचं लक्ष घड्याळाकडे. हॉटेल, टॅक्सी, सिमकार्ड लागतं ते नुकत्याच उतरलेल्याला, म्हणजे होर्डिंगचं तोंड बाहेर येणाऱ्या गाड्यांकडे हवं. एजन्सीने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. तो बहुतेकदा दुभाजकावर उभं राहून, झूम करून काढलेला असतो. स्वतः गाडीत बसून जा, मागच्या सीटवरून बघा. सिग्नलपाशी गाड्या तुंबत असतील तर तिथे एखादी ओळ जास्त चालते.

रात्रीही एक फेरी मारा. रात्री उशिरा विमानं उतरत असतील आणि दिवे अकरालाच बंद होत असतील, तर निम्मे पैसे अंधारात गेले. दिव्यांची वेळ करारातच लिहून घ्या. एलईडी असेल तर उलटी तऱ्हा: दुपारच्या उन्हासाठी लावलेला उजेड रात्री तसाच राहिला की अक्षरं फुटतात आणि चालकाचे डोळे दिपतात.

शेवटचं, परवानगी. विमानतळाभोवती उंचीला मर्यादा असते, धावपट्टीच्या रेषेत आणखी कडक. वैमानिकाला चकवतील असे दिवेही चालत नाहीत. त्यामुळे स्थानिक प्रशासनाच्या परवान्याबरोबर विमानतळाची ना-हरकतही लागते का, ते विचारा आणि लागत असेल तर तिची प्रत मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर आगाऊ रक्कम देऊ नका.