कमी तिखट हॅलापिनो सॉस कसा चाखावा, कसा पारखावा

ठेच्यावर वाढलेल्या माणसाला हॅलापिनो सॉस चाखायला दिला की पहिला शेरा ठरलेला: "यात तिखट कुठंय?" शेरा खरा असतो, पण त्याने सॉसची पारख होत नाही. मेक्सिकोतल्या हालापा शहराचं नाव लागलेली हॅलापिनो ही जाड सालीची मिरची मुळातच सौम्य आहे. स्कोव्हिल मापात तिचा तिखटपणा साधारण 2,500 ते 8,000 भरतो. त्यात व्हिनेगर आणि पाणी मिसळलं की आकडा आणखी उतरतो. एवढ्या कमी तिखटामागे काहीच लपत नाही, म्हणून इथे शोधायची ती मिरचीची स्वतःची चव.

आधी लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मिरची पहिली असेल तर उत्तम. व्हिनेगर पहिलं असेल तर सॉस पातळ आणि आंबट निघेल. ती खोट नाही, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सॉसची घडणच तशी असते. पण पाणी पहिलं आणि मागोमाग साखर, हिरवा रंग अशी रांग दिसली, तर मी ती बाटली घेत नाही. झँथन गमला मात्र घाबरू नका. सॉस फुटून पाणी वेगळं होऊ नये म्हणून तो चिमूटभर घालतात.

बाटली हलवून चमचाभर सॉस पांढऱ्या बशीत ओता. रंग मळकट, शेवाळी दिसला तर नाक मुरडू नका. हिरवी मिरची आंबटात शिजली की तिच्यातलं हरितद्रव्य असंच काळवंडतं. उलट पोपटी चकाकी दिसली तर लेबलावर रंगाचं नाव पुन्हा शोधा.

आता वास. व्हिनेगरचा पहिला भपका जाऊ द्या, मग पुन्हा हुंगा. भोपळी मिरची चिरताना येतो तसा हिरवा, गवती वास यायला हवा. दोन्ही मिरच्या एकाच जातीच्या आहेत. नुसता लसूण पावडरीचा वास आला, तर मिरची कमी पडली आहे असं समजा.

चाखताना घाई करू नका. आधी चहा, पान, लोणचं काही नको. पाव चमचा सॉस जिभेवर घ्या, तोंडभर फिरवा आणि लगेच गिळू नका. मीठ आणि आंबट आधी कळतात. त्यानंतर, तिखट चढायच्या आत, एक छोटी फट मिळते. मिरचीची चव तिथेच सापडते आणि पारख खरी तिथेच होते. त्या जागी ताजी, किंचित गोडसर हिरवी चव आली तर सॉस चांगला. तिथे पोकळी वाटली आणि खारटपणाच लांबत गेला, तर मिरची नावापुरतीच आहे. तिखट मागून येतं, कारण ती जिभेची चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं. याच शोधासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

एकापेक्षा जास्त सॉस असतील तर सौम्याकडून तिखटाकडे जा. मधे पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. साधं दूध घ्या आणि पावाचा तुकडा चावा. मसाला ताक टाळा, त्यातलं हिंग-जिरं पुढच्या सॉसच्या वासात मिसळतं.

शेवटची परीक्षा खाण्यासोबत. उकडलेलं अंडं किंवा चीज घातलेली गरम टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) घ्या, त्यावर दोन-चार थेंब टाका. स्निग्ध पदार्थ तिखट आणखी दाबतो. त्यातूनही मिरची कळली पाहिजे. ती कळावी म्हणून सॉस ओततच राहावं लागलं, तर गुण कापा.

दहापैकी गुण द्यायचे तर मी मिरचीच्या चवीला 5, आंबट-खारटाच्या मेळाला 3 आणि दाटपणाला 1 राखून ठेवतो. तिखटाला उरलेला 1 पुरे.