रॉथ की ट्रॅडिशनल? ४०१(के) निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी लागली की ४०१(के)च्या, म्हणजे पगारातून कापून होणाऱ्या निवृत्ती बचतीच्या पोर्टलवर पहिला प्रश्न येतो: ट्रॅडिशनल की रॉथ? ट्रॅडिशनलमध्ये पैसे टाकताना टॅक्स वाचतो, काढताना लागतो; रॉथमध्ये टॅक्स आधीच भरायचा, काढताना लागत नाही. बरेच जण टीममधल्या सीनियरने जे घेतलं तेच टिक करून मोकळे होतात. त्याचा पगार वेगळा, बायकोची नोकरी वेगळी, म्हातारपणी राहायचं ठिकाणही वेगळं.

सगळ्यात मोठा घोळ तुलनेत होतो. 'रॉथमध्ये वाढीवर टॅक्स नाही, म्हणजे फायदाच' हे अर्धसत्य आहे. समजा तुम्ही २२ टक्क्यांच्या फेडरल स्लॅबमध्ये आहात. ट्रॅडिशनलमध्ये १०,००० डॉलर टाकले तर हातातला पगार ७,८०० नेच कमी होतो. तेवढीच झळ सोसायची तर रॉथमध्ये ७,८०० जातील. पैसे चौपट झाले की ट्रॅडिशनलचे ४०,०००, त्यातून २२ टक्के गेले की ३१,२००. रॉथचेही ३१,२००च! फरक पडतो तो काढतानाचा दर वेगळा असेल तर. निवृत्तीनंतर दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर काढलेल्या रकमेतला काही भाग स्टँडर्ड डिडक्शनमध्ये जातो, पुढच्यावर १० आणि १२ टक्केच लागतात. म्हणून भर कमाईच्या वर्षांत मी ट्रॅडिशनल घेईन. ऑगस्टमध्ये नोकरीला लागून जेमतेम चार-पाच पगार हाती येणाऱ्याने मात्र त्या कमी कमाईच्या वर्षी खुशाल रॉथ घ्यावं.

'पगार जास्त, आपल्याला रॉथ चालत नाही' हाही गैरसमजच. उत्पन्नाची अट रॉथ आयआरएला (नोकरीबाहेर स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्याला) आहे, रॉथ ४०१(के)ला नाही. वर्षाची मर्यादा मात्र ट्रॅडिशनल आणि रॉथ ४०१(के) मिळून एकच: २०२६ साठी पन्नाशीच्या आतल्यांना २४,५०० डॉलर.

पुण्याला परतायचा बेत असेल तर जरा थांबा. भारत-अमेरिका कर करार १९८९ चा, रॉथ खाती आणणारा कायदा १९९७ चा. करारात रॉथचा उल्लेखच नाही. तिकडे करमुक्त ते इकडेही करमुक्त, असं धरून चालू नका. दोन्हीकडचे कर कळणाऱ्या सीएला आधी विचारा.

चुकीचं टिक झालं असेल तर पोर्टलवर बदला. पुढच्या पगारांपासून लागू होतं, आधी कापलेलं तसंच राहतं. प्लॅनमध्ये सोय असेल तर ट्रॅडिशनलचं रॉथ करता येतं, पण त्या वर्षी टॅक्स भरून. उलटं होत नाही. आणि काय निवडलंय तेच आठवत नसेल, तर डब्ल्यू-२ चा (कंपनी दरवर्षी देते त्या पगार-कराच्या फॉर्मचा) बॉक्स १२ बघा: 'डी' म्हणजे ट्रॅडिशनल, 'एए' म्हणजे रॉथ.