गिटार उघडण्याआधी मीटर लावा

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे ‘स्ट्रॅट’च्या घडणीची, सेकंडहँड. दुसऱ्याच पावसाळ्यात तिचा मधला पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, वायरची कॉइल असलेला भाग) मुका झाला. मी घाईने तारा काढल्या, पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती समोरची पट्टी) उलटा केला आणि स्क्रूड्रायव्हर घसरून थेट कॉइलवर गेला. कॉइलची वायर ४२ गेजची, जेमतेम ०.०६ मिमी जाडीची. ती तुटली. नंतर कळलं, पिकअप चांगलाच होता. स्विचवरचा एक सांधा सुटला होता. फार हळहळ वाटली.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी मल्टिमीटर घ्यायला सांगतो. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या मोकळ्या टोकाच्या टिपेवर एक आणि दांड्यावर दुसरा प्रोब ठेवा. पिकअप निवडायचा स्विच एका सिंगल कॉइलवर (एकाच कॉइलच्या पिकअपवर) असेल तर साधारण ५.५ ते ७ किलोओहम दिसायला हवेत. दोन पिकअप एकत्र असतील तर आकडा निम्म्यावर येतो. २५० किलोओहमच्या आसपास दिसलं, तर मीटरला फक्त व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रोध) दिसतोय. पिकअपपासून पॉटपर्यंत कुठेतरी वायर तुटली आहे. शून्य आलं तर शॉर्ट, बहुधा जॅकपाशी. काहीच दिसलं नाही तर आधी केबल बदलून बघा. एवढ्यात, गिटार न उघडता, निम्मं निदान होतं.

अ‍ॅम्पमधून येणाऱ्या गुणगुणीचंही तसंच. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ब्रिजची (तारा अडकवायच्या धातूच्या भागाची) अर्थिंग ठीक आहे, कमी पडतंय ते शील्डिंग, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण. पोकळीत तांब्याची फॉइल चिकटवून ती अर्थला जोडा. हात लावूनही फरक पडला नाही तर ब्रिजकडे जाणारी वायर शोधा. हात लावल्यावर वाढली, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्यात का ते बघा.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यात चिवट जागा म्हणजे पॉटची पाठ. ती पत्र्याची, उष्णता पसरवून टाकते. २५ वॉटची आयर्न तिथे मिनिटभर टेकवून मी एक पॉट आतून जाळला. पाठ पॉलिश पेपरने घासा, ४० ते ६० वॉटची आयर्न आणि रुंद बिट वापरा, तीन-चार सेकंदांत काम उरका. जुनी वायर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढाच.

पहिला बदल म्हणून टोनचा कपॅसिटर घ्या. ०.०४७ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०२२ लावला की टोन बंद केल्यावरही आवाज तितका गढूळ होत नाही. खर्च थोडा, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. पॉट घेताना सिंगल कॉइलसाठी २५० के (किलोओहम), हंबकरसाठी, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपसाठी, ५०० के. व्हॉल्यूमला ‘ए’ छापलेला, म्हणजे लॉगरिदमिक बरा. ‘बी’मध्ये, म्हणजे लिनिअरमध्ये, आवाजाचा बहुतेक फरक शून्यापासूनच्या पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच होऊन जातो, असं मला वाटतं.

नवा पिकअप बसवल्यावर दोन एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातला आला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापतायत. त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा, पण पिकअपवर धातूचं झाकण असेल तर ते अर्थलाच राहिलं पाहिजे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून असतात, ते जीव घेऊ शकतात. गिटारमध्ये तसा धोका नाही. सगळं जोडून झालं की तारा चढवण्याआधी अ‍ॅम्प हळू आवाजात लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर अलगद टेकवा. टक् ऐकू आलं की मगच पिकगार्डचे स्क्रू आवळा.