अमेरिकेला जाताय? वेळेच्या हिशेबातल्या या चुका टाळा

लेकीच्या बाळंतपणासाठी गडचिरोली, यवतमाळ, वाशीमच्या खेड्यांतून आई-वडील आता थेट न्यूयॉर्कला निघतात. कागदपत्रं चोख असतात, फसगत होते ती वेळेच्या हिशेबात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करणं. समजा, जानेवारीत मुंबईहून पहाटे 2 ला विमान निघालं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7.30 ला उतरलं. वजाबाकी साडेपाच तास सांगते, प्रवास होतो 16 तासांचा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची छापलेली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, मग फरक साडेनऊ तासांचा होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेदहा. म्हणून सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा, मगच तास मोजा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारायला जाल तेव्हा हाच कागद सोबत न्या.

दुसरी चूक अंतराला वेगानं भागण्याची. मुंबई ते न्यूयॉर्क जवळच्या वाटेनं सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 नं भागलं की 14 तास येतात, पण पश्चिमेकडे जाताना विमानाला वरच्या थरातलं जोरदार वारं समोरून लागतं आणि धावपट्टीपर्यंत रांगण्याचा वेळही तिकिटात धरलेला असतो. तेच वारं परतीला पाठीशी येतं, म्हणून येताना तास-दीड तास कमी लागतो. वाटही नकाशावर पट्टी ठेवल्यासारखी सरळ नसते. पृथ्वी गोल असल्यानं जवळची वाट उत्तरेला 65 अंशांच्या आसपास चढून जाते. एखाद्या देशानं आकाश बंद केलं की ती आणखी लांबते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. त्यामुळे जुन्या तिकिटावरचे तास नव्या प्रवासाला लावू नका.

तारखेचा घोळ तर फार महागात पडतो. 15 तारखेचं रात्री 00.40 चं विमान म्हणजे 14 च्या रात्रीच विमानतळावर हजर व्हायचं. 15 ला जेवण उरकून निघाल, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.

आणि प्रवास नागपूरच्या विमानतळापासून मोजू नका, घराच्या उंबरठ्यापासून मोजा. सिरोंचा गडचिरोलीहूनच सुमारे दोनशे किलोमीटर दूर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट अडते. पावसाळ्यात एक दिवस आधी नागपुरात मुक्काम करा, हे मी अगदी आग्रहानं सांगेन.

नागपूर-मुंबई आणि पुढचं विमान शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही बहुधा बुडतात.

परतीला मुंबईत इमिग्रेशन, मग बॅगा ताब्यात घेणं, कस्टम आणि नागपूरसाठी त्या पुन्हा जमा करणं, एवढं सगळं असतं. वयस्क माणसांसाठी मध्ये चार तास तरी ठेवा आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या.