होडीत गळाचा चारा नेताय? मग या चुका टाळा

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, मासे धरायला नवीन पोरं येतात तेव्हा त्यांचं सगळं ध्यान गळाच्या नंबरावर आणि दोरीच्या जाडीवर असतं. पाय कुठं ठेवायचा हे कुणी विचारत नाही. मग होडीत कुणी आपटलं की वाऱ्याला नावं ठेवतात. मी मात्र आधी फळी बघतो, आणि दहातल्या आठ वेळा तिथं चाऱ्याचा लगदा सापडतो.

'नंतर धुऊ' आणि 'वाळलं म्हणजे साफ झालं'

या दोन्ही चुका जोडीनंच येतात. आपल्याकडं रोहू-मृगळसाठी शेंगदाण्याची पेंड भिजवून, कणकेत मळून गोळे करतात. घाण्यात कितीही पिळली तरी पेंडीत तेल राहतंच. गोळा फळीवर पडतो, पायाखाली चिरडतो आणि आपल्या उन्हात तासाभरात पापडासारखा वाळतो. वरून हात फिरवला तर खरखरीत लागतो. पोरांना वाटतं, चला, पाय धरायला बरंच झालं. पण त्यावर ओंजळभर पाणी पडू द्या, त्याच पापडाचं लोणी होतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याबरोबर हेच घडलं. एकोणीस वर्षांचा, अंगानं धडधाकट, हाताला चपळ. आदल्या दिवशीची पेंड मधल्या फळीवर तशीच होती. मी म्हणालो, आधी घासून घे. तो म्हणाला, "कायला टेन्शन घेऊ राहिले काका, वाळली की ती." मीही पुढं बोललो नाही, आणि ते आजही मला लागतं. वय माझं जास्त होतं, होडी माझी होती.

नऊच्या सुमाराला वारा सुटला. जायकवाडीचं पाणी लांबीला पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि रुंदीला पंचवीसच्या पुढं. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा लागला की बघता बघता लाट उठते. दोन-तीन फवारे आत आले, फळी भिजली. तेवढ्यात गळाला शिंगाळा मासा लागला. चांगला मोठा असावा, कारण दोरी एकदम ताणली. पोरगा उठून उभा राहिला आणि त्याचा डावा पाय फळीवरून असा सटकला की जणू खाली फळीच नव्हती. कानामागं काठाचा मार बसला आणि तो तसाच पाण्यात गेला. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, ते फळीखाली घडी घालून ठेवलेलं. पायाशी सोडलेल्या दोरीचा एक गळ त्याच्या घोट्यात रुतला होता. मी वल्हं पुढं केलं, त्यानं धरलं म्हणून तो आज आहे. दवाखान्यात कानामागं पाच टाके पडले.

तेव्हापासून माझ्या होडीत एकच रीत आहे. चारा रंगाच्या रिकाम्या बादलीत, झाकण लावून, मागच्या फळीला बांधलेला. बादलीखाली ओलं गोणपाट. गोळा मळायचा तो त्या गोणपाटावरच, गांडूळ तोडायचं तेही तिथंच. खाली पडलं की हातातलं काम सोडून त्याच मिनिटाला उचलायचं आणि ओल्या फडक्यानं जागा पुसायची. मासा गळाला लागलेला असला तर आधी खाली बसायचं आणि बसूनच तो आत घ्यायचा. घाई झाली म्हणून उभं राहणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी होडीत घेत नाही, नात्यातला असला तरी.

संध्याकाळी होडी काठावर ओढली की आधी गार पाणी, मग नारळाच्या काथ्यानं घासणं, मग गोवरीची राख. राखेत क्षार असतो, त्यानं पेंडीचं तेल आणि माशाची बुळबुळ दोन्ही सुटतं. फळीच्या सांध्यात बोट घालून बघायचं. बोट चिकट लागलं तर पुन्हा एकदा.

इथं पुष्कळ जण गरम पाणी ओततात, लवकर निघावं म्हणून. अंडं तव्याला धरतं तसं माशाचं रक्त आणि बुळबुळ गरम पाण्यानं शिजून लाकडाला धरते. मग खरवडत बसा. आणि कपड्याची पावडर टाकून होडी पाण्यातच धुणारे भेटले की माझा आवाज चढतो. याच धरणाचं पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याची माणसं पितात, आपली लेकरंही पितात. पावडर लागलीच तर होडी काठापासून लांब ओढा, धुवण रानात मुरू द्या.

चारा लावलेले गळ पायाशी

घोट्यातल्या त्या गळाचं वर आलंच. दोरीला वीस-तीस गळ चारा लावून तयार करायचे आणि दोरी होडीच्या तळात गोळा करून टाकायची, ही सवय फार जुनी आणि फार वाईट. चाऱ्याखाली गळाचं टोक दिसत नाही. मी प्लास्टिकच्या टबाच्या काठाला जुन्या ट्यूबची पट्टी बसवली आहे. एकेक गळ त्या पट्टीत ओळीनं टोचायचा आणि दोरी टबात गोल सोडायची. सोडताना ज्या क्रमानं लावले त्याच क्रमानं निघतात, गुंता होत नाही. याला वीस मिनिटं जास्त जातात. ज्यांना ती जड जातात त्यांनी काठावर बसून हातानं गळ टाकावा, माझी हरकत नाही.

गळ रुतलाच तर हिसका देऊन मागं ओढू नका. त्याचा उलटा दात मांस फाडत येतो. दोरी कापा, गळ हलू नये असं फडकं बांधा आणि दवाखाना गाठा. तिथं धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आपण होऊन विचारा.

बाकीच्या

फळ्यांना चकचकीत ऑइल पेंट देऊ नका. द्यायचाच तर ओल्या रंगावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरा, पायाला पकड राहते.

फायबरच्या होडीला तारेची घासणी लावू नका. ओरखड्यात घाण बसते आणि दर वेळी जास्त घासावं लागतं.

तळ झिजलेली चप्पल घालून होडीत चढू नका.

कोंबडीची आतडी चारा म्हणून नेता, तर भाकरीचं फडकं होडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय ते सोडू नका. धुवण मात्र डब्यात धरा, काठावर टाका.

वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र कधीच करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीत भरतो.

तळात साचलेलं पाणी लगेच उपसा. होडी एका अंगाला कलली की ते सगळं त्याच अंगाला धावतं.

उरलेला चारा गळासकट पाण्यात फेकू नका. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि बगळ्याला गळ दिसत नाही.

राहिली रात्रीची गोष्ट. चाऱ्याची बादली होडीत सोडून घरी गेलात तर उंदीर येतात. त्यांच्या मुतानं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो, आणि पायाला भेग असेल तर ओल्या फळीवरूनही तो अंगात शिरतो. उंदरामागं साप येतो. म्हणून बादली घरी न्यायची, होडी धुऊन पालथी घालायची. सकाळी सरळ करण्याआधी वल्ह्यानं तिच्या पाठीवर तीन-चार वेळा ठोकायचं आणि दोन पावलं मागं सरून थांबायचं. गेल्या पावसाळ्यात माझ्या होडीखालून घोणस निघाली होती, आणि ती निवांत गवतात जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो.