सप्टेंबरातली शाकारणी

कोकणात वैशाख संपायच्या आत घर शाकारून घ्यायचं असतं. राजापूरकडच्या आमच्या घरावर दर मे महिन्यात गडी चढायचे, छपराचे नळे, म्हणजे कौलं, उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, कुजलेली रीप बदलायचे आणि सगळं परत बसवायचे. मी खाली उभी राहून एकेक नळा वर द्यायचे. आता मी मिशिगनमध्ये असते आणि गेली सहा वर्षं हेच काम सप्टेंबरात करते, आमच्या 22 फुटी ट्रॅव्हल ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरावर. इथली मुदत पावसाची नसते, बर्फाची असते.

यंदा ओळखीतल्या तीन कुटुंबांनी जुना ट्रेलर घेतला. तिघांनीही फोन करून पहिला प्रश्न तोच विचारला, ‘सीलंट कुठलं आणू?’ त्यांना जे सविस्तर सांगितलं तेच इथे लिहिते आहे. सीलंटची, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाची, नळी हातात घ्यायची वेळ या कामात फार उशिरा येते. त्याआधी पाणी कुठून शिरतंय ते शोधावं लागतं आणि जुनं सीलंट खरवडून काढावं लागतं. माझं पहिलं वर्ष फुकट गेलं ते या दोन्ही गोष्टी टाळल्यामुळे.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची लाकडी पेटी. आमचा इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनलेला आहे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर त्याच परिसरात बनतात. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा, वर प्लायवूड आणि त्यावर रबराचं आच्छादन. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात, भिंतीला भिंत जिथे मिळते, तिथे धातूची पट्टी स्क्रूने आवळलेली असते आणि तिच्याखाली ब्युटाइल रबराची चिकट टेप असते. पाणी अडवायचं खरं काम ही टेप करते. ट्रेलर रस्त्यावर तासन् तास हिंदकळतो, उन्हाने पत्रा ताणतो, थंडीने आखडतो. काही वर्षांत टेप वाळते, स्क्रू सैल होतात आणि केसाएवढी फट पडते. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. मिशिगनमध्ये नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये पारा कितीतरी वेळा शून्याच्या खाली-वर होतो. दिवसा फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठून फट रुंदावतं, दुसऱ्या दिवशी वितळून आणखी आत जातं. ऑक्टोबरात दिसलीही नसती अशी चीर एप्रिलपर्यंत आतलं लाकूड भिजवून मोकळी होते.

पहिल्या ऑक्टोबरात मला पुढच्या डाव्या कोपऱ्यात बारीक भेग दिसली. घरात न्हाणीघरासाठी आणलेलं सिलिकॉन होतं, तेच मी जुन्या सीलंटवर जाड फासलं. वरून छान गुळगुळीत दिसलं. एप्रिलमध्ये दार उघडलं तर आत कुबट वास, वरच्या कपाटामागचा भिंतीचा कागद फुगलेला, आणि बोटाने दाबलं तर भिंत आत जात होती. पाणी भेगेतून येतच नव्हतं. ते बाहेरून वर लावलेल्या छोट्या पिवळ्या दिव्याच्या मागून शिरत होतं आणि आतल्या पट्टीवरून ओघळत दीड फूट खाली येऊन साठत होतं. घरीसुद्धा असंच व्हायचं. थेंब पडायचा माजघरात आणि फुटका नळा निघायचा दोन हात वर, कारण पाणी वाशावरून सरकत यायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी ट्रेलरपाशी उभी असताना आठवलं नाही.

म्हणून सुरुवात आतून करा. वरची कपाटं रिकामी करा, टॉर्च घेऊन प्रत्येक कोपरा बघा, नाकाने हुंगा, हाताने दाबा. ओल मोजायचं दोन सुयांचं साधं मीटर जरूर घ्या. सुया कपाटाच्या आतल्या बाजूला टोचा, म्हणजे भोकं दिसत नाहीत. ते ओलीचे टक्के दाखवतं. आमच्याकडे सुक्या जागी आकडा 10 ते 12 येतो, त्या कोपऱ्यात 28 आला होता. 20 च्या वर गेला की लाकूड कुजण्याचा धोका धरून चाला. आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी हीच वही कामाला येते. तुमच्या ट्रेलरच्या भिंती गुळगुळीत फायबरग्लासच्या असतील तर बाहेरून तिरक्या उन्हात बघा. पाणी आत गेलं की वरचा थर प्लायपासून सुटतो आणि फुगवटा दिसतो. तो दिसला तर नुसत्या सीलंटने भागणार नाही.

आतून झाल्यावर छप्पर. छप्पर माणसाचं वजन पेलतं का ते माहितीपुस्तिकेत बघा आणि चढलात तरी प्लायची फळी टाकून गुडघ्यावर बसा. रबर ओलं असेल तर अजिबात चढू नका, शेवाळावरून सरकावं तसा पाय सरकतो. खाली शिडीपाशी दुसरं माणूस असू द्या. पुढची आणि मागची आडवी पट्टी, नळांचे वेंट, पंखा, अँटेना, काचेचं झाकण, अशा भोक पाडलेल्या प्रत्येक जागेभोवतीचं सीलंट नखाने उचलून बघा. नुसत्या पृष्ठभागावर बारीक भेगा असतील तर तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. कड सुटून वर आली असेल तर तेवढा भाग काढायलाच हवा.

खरवडणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. प्लास्टिकचीच पट्टी वापरा. लोखंडी पट्टी रबराला कधी चीर पाडते ते कळतही नाही. उन्हाच्या वेळी सीलंट मऊ पडतं. नाहीच निघालं तर हीट गन, म्हणजे गरम हवेचं यंत्र, अगदी मंद ठेवून, सतत हलवत शेक द्या. नीट चिकटून बसलेला खालचा थर रबरासकट ओरबाडू नका. एकाच जातीचं सीलंट असेल तर नवा थर स्वच्छ जुन्यावर धरतो. सिलिकॉनचं तसं नाही. त्यावर दुसरं काहीच धरत नाही, आणि ते काढल्यावरही त्याचा तेलकट थर मागे राहतो. मी फासलेलं सिलिकॉन काढायला मला पूर्ण दोन दिवस लागले, लावायला दहा मिनिटं लागली होती. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. पेट्रोल किंवा रॉकेलसारखं काही रबराच्या छपरावर वापरू नका, रबर फुगून खालून सुटतं.

आता तो पुढचा डावा कोपरा. धातूच्या पट्टीच्या खाचेत बसवलेली प्लास्टिकची फीत ओढून काढली, तर खालच्या दहा स्क्रूंपैकी चार गंजलेले. एक फिरवल्याबरोबर हातात आला आणि त्याच्या आट्यांना ओल्या भुशासारखं लाकूड चिकटलेलं होतं. पट्टी उतरवली. जुनी टेप वाळून करडी झाली होती, ती खडूसारखी तुटत होती. कुजलेलं लाकूड काढून नवी लाकडी पट्टी बसवली, पण त्याआधी आतली ओल पंख्याने आठवडाभर वाळवली. ओलं लाकूड बंद करणं म्हणजे रोग आत कोंडणं. मग धातूच्या पट्टीच्या मागे एक इंच रुंदीची नवी ब्युटाइल टेप कुठेही न तोडता सलग लावली, पट्टी जागेवर धरली आणि स्टेनलेसचे स्क्रू, पूर्वीपेक्षा एक माप लांब, हातानेच आवळले. ड्रिलने आवळलं की भोक मोठं होतं आणि स्क्रू फिरत राहतो. आवळताना दोन्ही कडांनी टेप सारखी बाहेर यायला हवी. जिथे आली नाही तिथे पोकळी आहे. एक दिवस थांबा, टेप बसते, मग परत अर्धा फेरा आवळा. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या सुरीने कापून घ्या. त्यानंतर सीलंट.

तर सीलंट कुठलं? छपराच्या आडव्या भागाला आपोआप पसरणारं, मी डायकॉर कंपनीचं वापरते. स्क्रूच्या डोक्यावर आणि कडेवर ओळ सोडायची आणि हात न लावता पसरू द्यायचं. उभ्या भिंतीवर हेच लावलं तर ओघळून खिडकीपर्यंत येतं, तिथे न ओघळणारं घ्या. छपराचं आच्छादन कशाचं आहे ते आधी बघा आणि नळीवर त्याचं नाव आहे याची खात्री करा. फाटलेल्या रबरावर इटर्नाबाँडची टेप उत्तम, पण ती एकदा बसली की निघत नाही, म्हणून कोरडी मांडून बघितल्याशिवाय मागचा कागद सोलू नका.

खिडक्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती कधीही बुजवू नका. चौकटीत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. मी खिडकीची वरची कड आणि दोन्ही बाजू सील करते, खालची मोकळी ठेवते. सगळीकडून बंद केलेली खिडकी पाणी भिंतीत पाठवते.

हवामानाचं गणित कडक आहे. पारा 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सियसच्या, खाली असेल तर मी काम करत नाही. सप्टेंबरअखेरीस सकाळी छपरावर दव असतं, त्यामुळे अकराच्या आधी हात लावायचा नाही. नळ्या रात्री घरात ठेवायच्या, गार सीलंट गनमधून धड येत नाही. पुढचे 24 तास पाऊस नको. वरची साय लवकर धरते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला काही आठवडे लागतात. म्हणूनच नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत हे काम ढकलू नका. सप्टेंबराच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीत तपासणी आणि पुढचे दोन शनिवार-रविवार काम, असं आमचं ठरलेलं असतं.

आठवड्याने पाण्याची चाचणी घ्या. बागेचा साधा पाइप, जोर कमी, आणि सुरुवात खालून. एकेका सांध्यावर दहा मिनिटं पाणी सोडून मग वर सरका. वरून सुरू केलंत तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळणार नाही. आत टॉर्च घेऊन कुणीतरी बसलेलं हवं. आमच्याकडे हे काम मुलीचं. ‘आई, कोरडं!’ अशी हाक आतून आली की मी पाइप हातभर वर घेते.

या वर्षी त्या कोपऱ्यात मीटरने 11 दाखवला. न्हाणीघरावरच्या काचेच्या झाकणाभोवती मात्र 17 आला आहे, तिथली मागची कड नखाने उचलली जाते. येत्या शनिवारी 60 फॅरनहाइट आणि कोरडं ऊन सांगितलंय. पट्टी, फडकी आणि दोन नळ्या काढून ठेवल्या आहेत.