गावाचं चित्र काढायचंय? आधी ते दोन त्रिकोणी डोंगर विसरा

शाळेत आपण सगळ्यांनी एकच निसर्गचित्र काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, तिथून सापासारखी वळत येणारी नदी, कौलारू घर आणि शेजारी नारळाचं झाड. मी भोर तालुक्यातला, आमच्या वाडीत नारळ औषधालाही नाही, तरी एलिमेंट्री चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात मी तो काढून आलोय. आता पुण्यात धायरीला राहतो, नोकरी करतो, महिन्यातले एक-दोन रविवार गावी जाऊन वॉटरकलर करतो. कसं सुरू करायचं असं ऑफिसात चार जणांनी विचारलं म्हणून माझी पद्धत लिहून काढतोय, आर्ट कॉलेजवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

पहिलं म्हणजे जागा. फोटो भारी येईल अशी जागा शोधू नका, जिथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे तुम्हाला पाठ आहे अशी जागा घ्या. माझी ठरलेली जागा म्हणजे आमच्या भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला असलेला एक उंबर, त्याच्या बुंध्याशी बसलं की खाली खाचरांच्या पायऱ्या, मधून ओढा, आणि लांब भाटघर धरणाच्या पाण्याची एक चकाकती रेघ. बाहेरच्या माणसाला यात काहीच नाही. पण कुठला बांध दरवर्षी फुटतो आणि कुठल्या खाचरात चिखल गुडघ्यापर्यंत असतो ते मला माहितीये, आणि ते माहिती असलं की पेन्सिल आपोआप योग्य ठिकाणी थांबते. गाव नसेल तर तळजाईची टेकडी घ्या, ओंकारेश्वराजवळचं नदीपात्र घ्या, पण एकच घ्या आणि वर्षभर तिथेच जा. दर रविवारी नवीन स्पॉट म्हणजे सहल झाली.

सामान कमी न्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद, ए फोरच्या अर्ध्या साइझचा पुरे, एक मोठा गोल ब्रश, एक बारीक, पाण्याच्या दोन बाटल्या, जुनं धोतर किंवा बनियनचं फडकं. रंग पाच-सहा बास: अल्ट्रामरिन आणि कोबाल्ट हे दोन निळे, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एखादा लाल. सुरुवातीला कॅम्लिनच्या ट्यूब चालतात, मात्र कागदात कंजुषी नको, कारण पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो आणि मग आपल्याला वाटतं आपल्याला जमत नाही.

आता डोंगर, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आपले डोंगर त्रिकोणी नाहीतच! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा सगळा दगड तयार झाला, त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा असतो, एक उभा कातळ, मग गवताचा उतार, परत कातळ, परत उतार, आणि माथा बऱ्याचदा सपाट. भोरकडून रायरेश्वर बघा, पट्टी लावून ओढल्यासारखी रेघ आहे. तर बाह्यरेषा काढताना हात वर-खाली न नेता आडवा न्या, थोडा आडवा, मग एकदम खाली, परत आडवा. आणि हे कातळाचे पट्टे शेजारशेजारच्या डोंगरांवर साधारण एकाच उंचीला येतात कारण थर तोच, मधली दरी नंतर पाण्याने कोरलेली. हे कळल्यावर माझी चित्रं एका महिन्यात सुधारली, त्याआधी तीन वर्षं मी हिमालयच काढत होतो.

रंग लावायच्या आधी काडेपेटीएवढी दोन-तीन छोटी स्केचेस करा, फक्त तीन छटा, पांढरी, मधली, काळी. सकाळी सात ते नऊ हा टाइम बेस्ट. सावल्या पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाका आणि मग ऊन सरकलं तरी बदलू नका, नाहीतर चित्रात अर्ध्या सावल्या सातच्या आणि अर्ध्या नऊच्या होतात. माझ्याकडे असं एक चित्र आहे, बायको त्याला दोन सूर्यांचं चित्र म्हणते.

लांबचं फिकं आणि निळसर, जवळचं गडद आणि ऊबदार, हा नियम सगळे सांगतात. आपल्याकडे तो सीझनप्रमाणे बदलतो. मे महिन्यात धुरळ्याने मागचे दोन डोंगर गायबच असतात, ते काढूच नका. उलट जुलैत सर येऊन गेली आणि जरा उघडीप झाली की हवा धुतलेली असते, लांबचा डोंगर एकदम अंगावर आल्यासारखा गडद दिसतो, तिथे पुस्तकातला नियम पाळलात तर ते चित्र पावसाळ्याचं वाटणार नाही. वाळण्याचंही तसंच, मेमध्ये ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळलेला असतो म्हणून कागद आधी मागून-पुढून ओला करून घ्यायचा, पावसाळ्यात तोच वॉश अर्धा-अर्धा तास ओला राहतो आणि घाई करून वर दुसरा हात मारलात की कडेला कोबीसारखे डाग उमटतात. डब्यातली भाकरी तेवढ्यात खाऊन घ्यावी.

हिरवा हा सगळ्यात अवघड. ट्यूबमधला हिरवा थेट लावला की प्लास्टिकचं गवत होतं. आणि हिरवा एक नसतोच. तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा हिरवा म्हणजे जवळजवळ पिवळा, लेमन यलो भरपूर आणि कोबाल्ट अगदी ब्रशच्या टोकाला. आवणी (भाताची लावणी) होऊन आठ दिवस झालेलं खाचर हिरवं दिसतच नाही, त्यात निम्मं आभाळ असतं, म्हणून आधी आभाळाचाच रंग खाचरात सोडायचा, ओला असतानाच कडेने थोडा हिरवा, आणि वाळल्यावर बारीक ब्रशने मोजक्या काड्या, सगळ्या खाचरभर नाही, फक्त जवळच्या बांधाशी. आंब्याचा गडद हिरवा करताना अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना आणि जरासा पिवळा. एप्रिल-मेमध्ये राब, म्हणजे रोपं टाकायच्या जागा, पालापाचोळा जाळून भाजलेले असतात, तिथे काळे चौकोन दिसतात, त्यासाठी काळी ट्यूब नको, अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळा, त्यातून राखेचा करडापण निघतो.

जागेवर चित्र पूर्ण करायचा हट्ट धरू नका. जॉन कॉन्स्टेबल नावाचा इंग्लंडचा चित्रकार, सफोक भागातला, वडिलांची नदीकाठी पाणचक्कीची गिरणी होती. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'द हे वेन' हे चित्र, एका घराशेजारच्या पाण्यात उभी असलेली घोड्यांची गाडी, त्याच गिरणीजवळचं आहे, पण १८२१ मध्ये त्याने ते पूर्ण केलं लंडनच्या स्टुडिओत, गावाकडच्या स्केचेसवरून. आणि तो ढगांचे अभ्यास करायचा त्यांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठला हे लिहून ठेवायचा. ही सवय मी उचलली. कागदाच्या मागे बॉलपेनने लिहितो: कितीला बसलो, वारा कुठून, खाचरात पाणी किती, कोण काय काम करत होतं. मग कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा असं सगळं ट्रॅफिक पार करून घरी आलो की चार दिवसांनी रात्री टेबलावर तो कागद काढतो, मागचं वाचतो आणि मग दुसरा मोठा कागद घेतो. फोटो शेवटी बघायचा, तोही फक्त एखाद्या फांदीसाठी, कारण मोबाइल सावल्या काळ्याकुट्ट करतो आणि आभाळ पांढरं.

आणि चेकिंग गावातल्या माणसाकडून करून घ्या. मागच्या पावसाळ्यात मी एक चित्र मन लावून केलं, ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली, एकाने तर फ्रेम करून मागितलं. गावी नेलं, आबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ओढा कुठं चाललाय तुझा?"

"खाली, धरणाकडं."

"अरे मग हा बांध आडवा घातलास तर पाणी जाणार कुठनं? सगळं आपल्या खाचरात शिरंल की."

बघितलं तर खरंच, कॉम्पोझिशन छान दिसावी म्हणून मी बांध दोन बोटं पुढे ओढला होता. ते चित्र फ्रेम केलं नाही. परत उंबराखाली जाऊन बसलो, या वेळी आधी पंधरा मिनिटं नुसता ओढ्याच्या कडेने चालून आलो आणि कागदाच्या मागे लिहिलं: सकाळी ७:४०, वारा पश्चिमेचा, बांधाला डावीकडे पाणी जायला मोरी आहे.